भिंतीबाहेरची माती

माझ्या लहानपणी आमच्या गावी ईस्टरचा सण कबरस्थानात सुरू होत असे. नगर जिल्ह्यातील ते एक लहानसे खेडे. ख्रिस्ती मंडळीची घरे फार तर पंचवीस-तीस. आणि मंदिराच्या मागील बाजूस दगडी भिंतीने वेढलेले आमचे कबरस्थान. सणाच्या आदल्या शनिवारी पुरुषमंडळी तेथील वाळलेले गवत काढीत, थडग्यांना चुना लावीत, आणि रविवारी पहाटे, तांबडे फुटण्यापूर्वीच, सारे लहानथोर हाती फुले घेऊन तेथे जमत. पाळकसाहेब पुनरुत्थानाचा शास्त्रभाग वाचीत, गीते होत, आणि मग जो तो आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाही. त्या मंद उजेडात पांढरी थडगी आणि पांढरी फुले पाहून मृत्यूचे भय असे मुळी वाटतच नसे.

माझी आजीही सर्वांबरोबर आत येई. आजोबांच्या थडग्यावर ती फुले ठेवी, पणजोबांच्या थडग्यावर ठेवी. परंतु ओच्यात मोगऱ्याची एक ओंजळ मात्र राखून ठेवी. उपासना आटोपून मंडळी एकमेकांस सणाच्या शुभेच्छा देऊ लागली म्हणजे ती कोणास काही न सांगता फाटकातून बाहेर पडे आणि भिंतीला वळसा घालून मागल्या अंगास जाई. १९६५ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या ईस्टरला मी तिच्या मागोमाग गेलो. भिंतीच्या बाहेर एका बाभळीखाली चार-पाच धोंडे रचलेले होते. त्यांना चुना नव्हता, त्यांवर क्रूस नव्हता. आजीने पदराने त्यांवरची धूळ झटकली, आणि ओच्यातला मोगरा त्यांवर वाहिला.

“आजी, येथे कोण आहे?” मी विचारले.

“तुझा थोरला चुलता, बाळ.”

“मग तो बाहेर का?”

“त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता.”

याहून अधिक ती काही बोलली नाही. बाकीची हकीकत मला पुढे वडिलांकडून कळली. १९२१ साली आजीला पहिला मुलगा झाला. त्या काळी आमच्या खेड्यात पाळक राहत नसत. महिन्यातून एकदा घोड्यावरून येत, उपासना घेत, लेकरांचे बाप्तिस्मे करीत आणि पुढच्या गावी जात. मूल आठव्या दिवशी रात्री वारले. पाळकसाहेब यावयास अजून दोन आठवडे होते. गावातील त्या वेळच्या वडीलधाऱ्या मंडळींनी विचार केला, आणि ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही त्यास आतली माती देता येत नाही, असे ठरविले. त्यात त्यांचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. त्यांस जो नियम शिकविला गेला होता तो त्यांनी पाळला. आजोबांनी आपल्या हातांनी बाभळीखाली खड्डा घेतला, आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले ते मूल तेथे ठेवले. मंडळीच्या नोंदवहीत त्याचे नाव नाही. कारण नाव बाप्तिस्म्याच्या वेळी लिहिले जात असे. आजीने मनात त्याचे काही नाव योजिले असलेच पाहिजे. पण ते तिने कधी कोणास सांगितले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापासून मी लपवीत नाही: त्या दिवशी मला दुःख झाले नाही, लाज वाटली. माझ्या सोबत्यांची सारी माणसे भिंतीच्या आत, आणि आमच्या घरचा एकजण मात्र बाहेर! आमच्या कुळास काही बट्टा लागला आहे, असे माझ्या बालबुद्धीस वाटले, आणि पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट मी कोणापाशी काढली नाही. ती लाज माझ्या मनातून कशी गेली, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या घरी पुस्तके थोडी होती. पवित्र शास्त्र, गीतांचे पुस्तक, आणि बनियनच्या यात्रेकरूची गोष्ट. हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने ती मराठीत आणली, तेव्हापासून महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत ती वाचली जात आहे. पाठीवर ओझे घेऊन निघालेला तो यात्रेकरू, क्रूसापाशी पोहोचताच त्याच्या खांद्यांवरून गळून पडणारे ते ओझे, हे सारे वडील आम्हांस रात्री कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवीत. असा ग्रंथ लिहिणारा पुरुष एखाद्या भव्य मंदिरात, संगमरवरी फरशीखाली विसावला असेल, असे मी धरून चाललो होतो. पुढे मोठेपणी लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा त्याचे थडगे पाहावे म्हणून मी चौकशी केली, आणि मला कळले की जॉन बनियन हा कोणत्याही मंदिराच्या आवारात पुरलेला नाही. तोही बाहेरच आहे.

त्या जागेचे नाव बनहिल फील्ड्स. लंडन शहराच्या जुन्या वेशीच्या उत्तरेस ही सुमारे चार एकरांची भूमी आहे. १५४९ साली सेंट पॉलच्या मंदिरालगतचे अस्थिगृह मोडून तेथील हाडे गाड्या भरभरून या बाजूस आणून टाकली गेली. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची भयंकर साथ आली, तेव्हा साथीत मेलेल्यांस पुरण्यासाठी ही जागा नगरपालिकेने राखून ठेविली व तिला भिंत घातली. परंतु बिशपने येऊन विधिपूर्वक तिचे पवित्रीकरण मात्र कधीच केले नाही. कायद्याच्या भाषेत ती नुसती जमीन राहिली, आणि हीच गोष्ट पुष्कळांना सोयीची ठरली.

ती कशी, हे समजण्यास थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. इंग्लंडात राजमान्य मंडळी एकच होती, आणि गावोगावच्या मंदिरांची आवारे तिच्या ताब्यात होती. त्या आवारात कोणास माती द्यावयाची तर ती त्याच मंडळीच्या पाळकाने, त्याच मंडळीच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे द्यावयाची, असा निर्बंध होता. जे त्या मंडळीपासून वेगळे झाले होते, म्हणजे बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, क्वेकर इत्यादी, त्यांस हे मान्य नव्हते. जन्मभर ज्या पद्धतीने आपण उपासना केली नाही ती आपल्या मृत देहावर केली जाऊ नये, असे त्यांस वाटे. बनहिलच्या भूमीवर बिशपचा अधिकार नसल्यामुळे तेथे त्यांस आपल्या रीतीने, आपल्या उपदेशकाच्या मुखाने प्रार्थना करवून, आपली माणसे पुरता येत. १८५४ साली ती भूमी बंद झाली तोपर्यंत सुमारे १,२३,००० माणसे तेथे पुरली गेली होती. १८६९ पासून ती लोकांसाठी बाग म्हणून खुली आहे.

मी गेलो तो दिवस थंडीचा होता. प्लेन जातीच्या उंच वृक्षांची पाने गळून गेली होती, आणि आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे बाकांवर बसून आपली न्याहारी खात होती. बनियनचे थडगे शोधावे लागले नाही. दगडी चौथऱ्यावर त्याची निजलेली मूर्ती आहे. आणि चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंस शिल्पे कोरलेली आहेत. एकीकडे ओझ्याने वाकलेला यात्रेकरू, दुसरीकडे क्रूसापाशी पोहोचलेला तोच यात्रेकरू. लहानपणी कंदिलाच्या उजेडात ऐकलेली गोष्ट दगडात पाहून मी पुष्कळ वेळ तेथे उभा राहिलो.

बनियन हा भांडीकल्हई करणाऱ्याचा मुलगा. परवान्यावाचून उपदेश करतो, एवढ्याच अपराधासाठी १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे त्याने बेडफर्डच्या तुरुंगात काढली. उपदेश करणार नाही, असे वचन दिले असते तर तो सुटला असता. पण ते त्याने दिले नाही. १६८८ साली एका रागावलेल्या बापाची व त्याच्या मुलाची समजूत घालून परत येताना तो घोड्यावर पावसात भिजला, तापाने आजारी पडला, आणि लंडनमध्ये एका मित्राच्या घरी वारला. त्या मित्राने आपल्याच कुटुंबासाठी घेतलेल्या थडग्यात त्यास जागा दिली. दुरावलेल्यांना जवळ आणण्यासाठी गेलेल्या या पुरुषास शेवटची जागा मिळाली ती मंदिराबाहेरच्या मातीत, आणि तीही मित्राच्या थडग्यात!

जवळच एक उंच दगडी स्तंभ आहे. तो डॅनिएल डीफो याचा. ‘रॉबिन्सन क्रूसो’ तुमच्यापैकी किती तरी जणांनी वाचला असेल. डीफो हाही त्या वेगळ्या झालेल्या लोकांतला. अशा घरांतल्या मुलांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांची पदवी मिळणे त्या वेळी शक्य नव्हते, म्हणून त्याचे शिक्षण वेगळ्या शाळेत झाले. आपल्या पंथाच्या छळावर उपरोधिक पुस्तक लिहिल्याबद्दल १७०३ साली त्यास भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले. १७३१ साली तो वारला तेव्हा बनहिलच्या नोंदवहीत त्याचे नावही धड लिहिले गेले नाही. ‘मिस्टर डुबो’ अशी नोंद झाली. पुढे १८७० साली एका ख्रिस्ती वर्तमानपत्राने इंग्लंडातील मुलामुलींस विनंती केली की, ज्याच्या गोष्टीने तुम्हांस इतका आनंद दिला त्याच्या थडग्यासाठी आपल्या खाऊच्या पैशांतून काही द्या. सुमारे सतराशे जणांनी वर्गणी दिली, आणि हा स्तंभ उभा राहिला. ज्याचे नाव मोठ्यांनी चुकीचे लिहिले ते मुलांच्या पैशांनी दगडावर नीट कोरले गेले. बालमित्रांनो, ही गोष्ट विशेषेकरून तुमच्यासाठी सांगितली आहे.

याच भूमीत आयझॅक वॉट्स आहे, ज्याची भक्तिगीते जगभर गायली जातात. एकोणीस लेकरांची आई सुझाना वेस्ली येथे आहे. तिची कित्येक लेकरे तान्ही असतानाच गेली. जॉन वेस्ली हा तिचाच मुलगा. कवी व चित्रकार विल्यम ब्लेक १८२७ साली येथे अनेकांच्या समाईक खड्ड्यात पुरला गेला; नेमके स्थळ दाखविणारा दगड त्याच्यावर बसविण्यास २०१८ साल उजाडावे लागले. आणि काळाची करणी पाहा: याच ब्लेकच्या ओळींना १९१६ साली चाल लागली, आणि आज त्या इंग्लंडातील राजमान्य मंडळीच्या मंदिरांतून गायल्या जातात. बनियनच्या स्मरणार्थ १९१२ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रंगीत काचांची खिडकी बसविली गेली. ज्यांचे देह बाहेर राहिले, त्यांची गीते व गोष्टी भिंत ओलांडून केव्हाच आत गेल्या आहेत.

त्या बागेतून परत येताना माझ्या मनातील जुनी लाज अर्धी नाहीशी झाली. भिंतीच्या बाहेर असणे म्हणजे देवाच्या बाहेर असणे नव्हे, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु लाज अर्धीच गेली, पुरी गेली नाही. आणि त्याचे कारणही माझे मलाच लवकर उमगले. बनियन व त्याचे सोबती यांनी बाहेरची माती स्वतः पत्करली होती. ती त्यांच्या विवेकाची निवड होती. पण बाभळीखालच्या त्या आठ दिवसांच्या मुलाने काय निवडले होते? कोणी आपल्या पायांनी बाहेर जातो, आणि कोणास बाहेर ठेवले जाते. या दोहोंत फार अंतर आहे.

बाहेर ठेवले गेलेल्यांचा इतिहास मग मी वाचू लागलो. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या आरंभीच एक सूचना आहे. बाप्तिस्मा न होता मेलेले, मंडळीतून बहिष्कृत झालेले, आणि स्वतःच्या हाताने जीव दिलेले, अशा तिघांसाठी हा विधी वापरू नये, असा तिचा आशय. यांपैकी शेवटच्या अभाग्यांची दशा तर फारच वाईट होती. त्यांस रात्रीच्या वेळी चव्हाट्यावर, रस्त्याच्या मातीत पुरण्याची चाल होती, आणि कधी कधी देहातून लाकडी मेख ठोकीत. १८२३ साली पार्लमेंटने कायदा करून ही चाल बंद केली. त्यांस आवारात जागा मिळाली खरी, पण रात्री नऊ ते बारा यांच्या दरम्यानच, आणि प्रार्थनेवाचून. रात्रीची ती अट १८८२ साली निघाली. ज्या माणसाच्या दुःखाने परिसीमा गाठली, त्याच्या आप्तांच्या दुःखात अशी भर घालण्यात धर्माचे कोणते कार्य साधत असेल, ते मला कळत नाही.

परंतु माझे लक्ष साहजिकच लेकरांच्या हकीकतींकडे लागले होते. आयर्लंडात, विशेषतः त्या देशाच्या पश्चिम भागात, शेतांच्या बांधांवर, ओसाड मंदिरांच्या पडक्या भिंतींत, समुद्राच्या काठी, लहान लहान धोंड्यांची आवारे आढळतात. त्या भाषेत त्यांस ‘किलीन’ म्हणतात. बाप्तिस्म्यापूर्वी गेलेली लेकरे तेथे पुरली जात; क्वचित परके वाटसरू आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले अनोळखी देहही. विधी नाही, पाळक नाही. बाप किंवा एखादा नातलग अंधार पडल्यावर लहानशी पेटी काखेत घेऊन जाई आणि खूण म्हणून एक साधा धोंडा ठेवून येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही चाल कोठे कोठे चालू होती. तिचे वर्णन मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. हजारो कोसांवरचा तो देश, वेगळी भाषा, वेगळी मंडळी. पण तो अंधार, ते धोंडे आणि तो बाप माझ्या ओळखीचे होते. माझे आजोबा एकटे नव्हते.

दुसरी हकीकत इंग्लंडातील सफोक परगण्यातल्या एकनहॅम गावची. १८७८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथील एका शेतमजुराचा जोसेफ नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. आईबाप बॅप्टिस्ट. त्या पंथात लेकरांस बाप्तिस्मा देत नाहीत, कळत्या वयात देतात, हे तुम्हांस ठाऊकच आहे. सबब मुलासाठी गावच्या पाळकाने दफनविधी करावयाचा नाही, आणि दुसऱ्या उपदेशकाने आवारात करावयाचा नाही, असा पेच पडला. मंदिराच्या उत्तरेस, जेथे बाप्तिस्मा न झालेल्यांस पुरीत, तेथे खड्डा खणलेला होता. तेव्हा असे ठरले की, इप्सविचचे काँग्रिगेशनल उपदेशक रेव्हरंड टोझर यांनी फाटकाबाहेरच्या कुरणात आईबापांच्या समाधानासाठी प्रार्थना करावी, आणि मग पेटी आत न्यावी. प्रार्थना चालू असता गावचे पाळक रेव्हरंड ड्रूरी तेथे आले, आणि आधी मूल पुरा, मग हवे तर प्रार्थना करा, असा त्यांनी आग्रह धरला. शब्दाने शब्द वाढला. हे मूल ख्रिस्ती नव्हे, असे उद्गारही निघाले. दोन धर्मोपदेशक वाद घालीत आहेत, आणि लहानशी पेटी घेऊन आईबाप फाटकाशी तिष्ठत उभे आहेत, हे चित्र तुम्ही डोळ्यांपुढे आणा.

ही हकीकत वर्तमानपत्रात आली तेव्हा साऱ्या देशात खळबळ उडाली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ती बातमी टोझर यांनीच नाव न देता लिहिली होती. आणि ड्रूरी यांनी १८७९ साली संपादकावर बदनामीचा दावा लावला तेव्हा निकाल ड्रूरी यांच्या बाजूने झाला. मात्र नुकसानभरपाई मिळाली ती अवघी चाळीस शिलिंग! लोकमताचा निकाल निराळाच होता. पुढच्याच वर्षी, १८८० साली, पार्लमेंटने दफनाचा नवा कायदा केला. त्यानुसार, अठ्ठेचाळीस तासांची सूचना दिली म्हणजे, गावच्या मंदिराच्या आवारात कोणासही राजमान्य मंडळीच्या विधीवाचून, किंवा इतर ख्रिस्ती रीतीच्या शांत उपासनेसह, माती देता येऊ लागली. शेकडो वर्षे विद्वानांचे वाद चालले होते. पण त्या निर्बंधाचा अन्याय सामान्य लोकांच्या मनाला कोणी भिडविला असेल, तर तो फाटकाशी थांबलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाने.

रोमन कॅथॉलिक मंडळीतही या प्रश्नाचा विचार थांबला नाही. २००७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरज्ञान समितीने एक निबंध प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकरांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे त्यात प्रतिपादिले आहे. ते वर्तमान मला कळले तेव्हा आजीला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. ती असती तर मी तिला ते वाचून दाखविले असते. तिने काय म्हटले असते? बहुधा इतकेच म्हटले असते, “मला ठाऊकच होते, बाळ.”

कोणी म्हणेल, मेलेल्यास आत काय आणि बाहेर काय? माती ती मातीच. हे खरे आहे. पण ते मेलेल्याच्या बाजूने खरे आहे. भिंत मृतांना दिसत नाही, जिवंतांना दिसते. एकनहॅमच्या फाटकाशी जे दुःख झाले ते जोसेफला झाले नाही, त्याच्या आईस झाले. आयर्लंडच्या अंधारात जो ओझे घेऊन चालला तो बाप होता. म्हणून मृतास कोठे ठेवावे हा प्रश्न खरे पाहता, शोकात असलेल्या माणसाशी आपण कसे वागावे, याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. नियमावाचून मंडळी चालत नाही, हे मला मान्य आहे. बाप्तिस्म्याचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. माझी स्वतःची लेकरे मी मंदिरात नेऊन त्यांचे बाप्तिस्मे करविले आहेत. परंतु नियम बोलू लागला म्हणजे त्याने आधी समोर उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि ज्याच्या नावाने ही भिंत बांधली गेली, त्याचे काय? तो प्रभू नगराच्या वेशीबाहेर मरण पावला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. ज्या थडग्यात त्यास ठेवले ते त्याचे स्वतःचे नव्हते, दुसऱ्याचे होते. आणि ते एका बागेत होते. तेथे मंदिर नव्हते, आवार नव्हते, विधी पुरा करण्यास वेळही नव्हता. काही प्रेमळ माणसे होती, सुगंधी द्रव्य होते आणि संध्याकाळ झाली होती. बाहेर ठेवल्या गेलेल्यांच्या रांगेत पहिले थडगे त्याचेच आहे. हा विचार माझ्या मनात आला त्या दिवशी माझी उरलेली अर्धी लाजही गेली. माझा थोरला चुलता वाईट संगतीत नाही.

आता आजीचे शेवटचे सांगून हा लेख संपवितो. १९७४ सालच्या पावसाळ्यात ती गेली. अंथरुणास खिळल्यावर तिने माझ्या वडिलांस जवळ बोलाविले. आजोबांच्या शेजारी तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली होती, पण ती म्हणाली, “मला तेथे नको. मला भिंतीशी ठेवा. बाभळीच्या बाजूला.” मंडळीतील कोणीही त्यास हरकत घेतली नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी एके काळी नियम सांगितला होता ते सारे आता आतल्या थडग्यांत शांत निजले होते. आणि त्यांची मुले व नातू आजीची पेटी खांद्यावर घेऊन पावसात चालत होती. भिंतीच्या आतल्या अंगाला, अगदी पायथ्याशी, तिची कबर खणली गेली. आत ती आहे, बाहेर तिचे मूल आहे; मध्ये हातभर जाडीची भिंत आहे.

ती भिंत अजून आहे. ती कोणी पाडावी, असे मी सुचवीत नाही. गुराढोरांपासून थडग्यांचे रक्षण तिनेच होते. ईस्टरला मी अजून गावी जातो. शनिवारी थडग्यांना चुना लावताना गावची पोरे आता एक बादली भिंतीबाहेरही नेतात, आणि बाभळीखालचे धोंडे पांढरे करतात. त्यांस तसे करावयास कोणी शिकविले हे मला ठाऊक नाही. रविवारी पहाटे मी प्रथम बाहेर जातो, आणि मग आत येतो. ओंजळभर मोगरा दोहोंकडे पुरतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही गावी असे एखादे थडगे असेल. मंदिराच्या भिंतीबाहेर, स्मशानाच्या कडेला, रस्त्यालगत. तेथे कोण आहे, हे घरातल्या वडील माणसांस विचारा. कदाचित ती गप्प बसतील, कदाचित डोळे पुसतील, आणि कदाचित पुष्कळ वर्षे कोणास न सांगितलेले एखादे नाव तुम्हांस सांगतील. मी माझ्या आजीस ते नाव विचारावयाचे राहून गेलो. तुम्ही राहू नका.